पाच विभाग आणि एक काचेचं टेबल

दादांनी वहिनींना तत्त्वज्ञान दिलं, तेव्हा त्यांच्या थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, न्याहारीवरून पहिल्यांदा मान वर केली.

"तिलाच का तत्त्वज्ञान?"

"ती कमी बोलते," दादा म्हणाले. "तत्त्वज्ञानात ते शोभून दिसतं."

"तुझ्याशी संसार केलाय तिनं. बोलायला सवड कधी मिळाली?"

वहिनींनी यावर काही मत दिलं नाही आणि त्यामुळे दादांची निवड आणखीच योग्य ठरली. "मला चालेल," त्या म्हणाल्या. "पण कुणी काही विचारलं तर?"

"थोडा वेळ खिडकीबाहेर बघायचं. मग सावकाश म्हणायचं, प्रश्नच चुकीचा आहे."

वहिनींनी सराव म्हणून खिडकीबाहेर बघितलं. थोडा वेळ गेला. "माळ्यानं नळ पुन्हा उघडा टाकलाय," त्या म्हणाल्या.

"हे नाही म्हणायचं."

"पण टाकलाय."

मूल्यांकन समिती अकराला यायची होती. विद्यापीठ म्हणवून घ्यायचं तर निदान पाच विभाग लागतात, प्रत्येकाला प्रमुख लागतो, आणि हे प्रमुख एकमेकांचे किंवा कुलगुरूंचे नातेवाईक चालत नाहीत, असा नियम होता. विद्यापीठाला पाच विभाग होते. फाटकावरच्या पाटीवर ते पाचही ठळक दिसत. फाटकातून आत गेल्यावर त्यांतला एकच उरे. तो लाकूडशास्त्राचा, दादांच्या लेकीचा. बाकीच्या चार विभागांत अजून विद्यार्थी घेतलेले नव्हते, शिक्षक नेमलेले नव्हते आणि एका खोलीत तर लग्नातल्या खुर्च्या ठेवल्या होत्या. कायम मान्यता मिळाली की सगळं आपोआप येईल, असा दादांचा विश्वास होता. आधी बारसं, मग बाळ, हे त्यांचं शैक्षणिक धोरण.

या घराण्याचं विद्येशी नातं बाकांमुळे जुळलं. दादांचे वडील मिस्त्री. शहराच्या कडेच्या एका शाळेला त्यांनी बाकं करून दिली आणि पुढे म्हातारा शाळाचालक कंटाळून म्हणाला, बाकं तुझ्या हातची आहेतच, भिंतीही घेऊन टाक. मिस्त्रींनी भिंती घेतल्या, गुण्या लावून त्या काटकोनात आहेत का ते तपासलं आणि शाळा चालवली. दादांनी शाळेचं महाविद्यालय केलं, महाविद्यालयाला तात्पुरती मान्यता मिळवून त्याचं विद्यापीठ केलं, आणि स्वतःला कुलगुरू केलं. धाकट्या भावाला परीक्षा नियंत्रक केलं. त्याला घरात आणि बाहेर सगळे भाऊच म्हणत. तात्पुरत्या मान्यतेत डॉक्टरकी बहाल करता येत होती, ती दोघांनी लगेच करून पाहिली. दादांच्या प्रबंधाचे मार्गदर्शक होते भाऊ. भाऊंच्या प्रबंधाचे मार्गदर्शक दादा. यात आधी डॉक्टर कोण झालं, हा प्रश्न घरात काढायचा नाही असा दंडक होता.

"आक्का, तुला कायदा," दादा पुढे म्हणाले.

"मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही."

"समोरच्याला बोलू द्यायचं नाही, एवढं जमलं की निम्मा कायदा आला," भाऊ म्हणाले. "आक्काला उलट डॉक्टरेट द्यायला हवी."

"तुमच्याकडची नको. ती घरी केलेली असते."

भाऊंनी व्यवस्थापन स्वतःकडे घेतलं. राहिलं खगोलशास्त्र. एवढ्यात जावईबापू दवाखान्यातून आले. ते दातांचे डॉक्टर, म्हणजे या घरातल्या दोन खऱ्या डॉक्टरांपैकी एक. दुसरी त्यांची बायको; तिनं लाकडावरची डॉक्टरकी बाहेरच्या विद्यापीठातून मिळवली होती. आत येऊन त्यांनी खुर्ची ओढली, उजवा तळवा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून दाबला, मान हलवली आणि मग बसले.

या घरात टेबलाशी बसणारा प्रत्येक जण हे करतो. मिस्त्रींची शिस्त. आधी कोपरा दाबायचा. टेबल हललं तर मोठ्यानं म्हणायचं, "हलतंय." ऐकेल त्यानं विचारायचं, "कुठला पाय?" आणि पाय सापडून ठीक होईपर्यंत घास तोंडात घालायचा नाही. मिस्त्रींच्या हातचं हे जेवणाचं टेबल त्यांच्यामागेही कधी तसूभर हललं नव्हतं, त्यामुळे पुढचं विचारायची वेळ येत नसे. पण तळवा ठेवायचं कुणाचं चुकत नसे, आणि आपण तो ठेवतो हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. जावईबापूंना लग्नानंतर ही लागण झाली. दवाखान्यातही रुग्णाला बसवण्यापूर्वी ते खुर्ची दाबून बघत, आणि रुग्णाला वाटे, आता बसू नये.

"जावईबापू, तुम्हाला आकाश दिलंय," दादा म्हणाले.

"कुठलं?"

"सगळंच. खगोलशास्त्र. तोंडात बघण्याऐवजी वर बघायचं, एवढाच फरक."

जावईबापूंनी बायकोकडे बघितलं. ठकी दारातच उभी होती. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. जन्मली तेव्हा मिस्त्रींनी एका हातानं नात आणि दुसऱ्या हातानं तिच्यासाठी केलेली लाकडी ठकी उचलली होती आणि दोघींत बाहुली जास्त शांत निघाली होती. तेव्हापासून नाव चिकटलं.

"बाबा, मी खोटं बोलणार नाही," ठकी म्हणाली.

"तुला कुणी बोलायला सांगितलंय? तुझा विभाग खरा आहे. तू तो दाखव."

"आणि त्यांनी विचारलं, या तत्त्वज्ञानाच्या बाई कोण, तर?"

"विभागप्रमुख."

"ती माझी आई आहे."

"दोन्ही असू शकतं," भाऊ म्हणाले. "एकाच माणसाला अनेक पैलू असतात."

ठकी हसली नाही. एरवी काकांच्या बोलण्याला ती सगळ्यात आधी हसायची. "माझी मुलं या वर्षी बाहेर पडतायत, काका. तिघांना गोदीत घेतायत, बोटींचं काम. दोघींना वाद्यांच्या कारखान्यात. सगळ्यांना एकच सांगितलंय, तुमच्या अभ्यासक्रमाला मान्यता असेल तर या. तुमच्या चार खोट्या विभागांपायी माझा एक खरा बुडाला तर मी त्यांना काय तोंड दाखवू?"

"उलट आहे," दादा म्हणाले. "तुझ्या एकावर आमचे चार तरून जातील."

"लाकूड तरंगतं, बाबा. पण त्याला किती माणसं लटकली आहेत तेही बघावं लागतं."

वहिनींनी लेकीच्या हातात चहा दिला आणि देताना तिचं मनगट जरा दाबलं. त्या कुणाच्या बाजूला आहेत हे ठकीला कळलं. दादांना कळलं नाही. ते तत्त्वज्ञानाला चहा ओतताना बघून अस्वस्थ झाले होते.

"प्राध्यापकांनी आज कुणाला काही वाढायचं नाही," त्यांनी बजावलं. "आपण एकमेकांना ओळखतो, पण कामापुरतं."

मग त्यांनी सगळ्यांना नवी आडनावं वाटली. वहिनींना त्याचं विशेष काही वाटलं नाही. त्यांचं आडनाव पूर्वीही एकदा असंच, कुणी न विचारता बदललं होतं.

*

समितीच्या अध्यक्षबाई लहानखुऱ्या होत्या. आयुष्यभर त्यांनी गणित शिकवलं होतं, आणि समोरचा माणूस काहीही बोलला तरी 'बरं, पुढे?' असा चेहरा करून बघायची त्यांना सवय होती. बरोबर दोन सदस्य. एक उंच, चष्मेवाले. ते ऐकलेलं सगळं टिपून घेत. दुसरे रुंद, आणि सकाळपासून गालाला हात लावून होते.

दादांनी त्यांना व्हरांड्यातून फिरवलं. प्रत्येक खोलीच्या दारात एकेक प्रमुख उभा होता, घड्याळातल्या पक्ष्यासारखा.

"तत्त्वज्ञान विभाग," दादा म्हणाले.

"तुमच्या विभागाचं उद्दिष्ट काय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

वहिनींनी खिडकीबाहेर बघितलं. नळ बंद झालेला दिसला. त्या समाधानाचं तेज त्यांच्या चेहऱ्यावर आलं. "प्रश्नच चुकीचा आहे," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांची लेखणी थबकली. मग त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

"मग बरोबर प्रश्न कुठला?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

याची तयारी दादांनी करून घेतली नव्हती. वहिनींनी मनापासून विचार केला. "सगळ्यांचं खाणं झालंय का, हा," त्या म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी दोन रेघा मारल्या.

कायद्याच्या दारात आक्कांनी समितीला एकही प्रश्न पुरा करू दिला नाही, त्यामुळे त्या विभागाबद्दल सदस्यांचं मत फार चांगलं झालं. व्यवस्थापनाच्या खोलीत भाऊंनी एवढी व्यवस्था ठेवली होती की टेबल, खुर्ची आणि भाऊ सोडून आत दुसरं काही नव्हतं. खगोलशास्त्राच्या दारात मात्र थोडी खोटी झाली.

"दुर्बीण कुठेय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"दिवसा लागत नाही," जावईबापू म्हणाले. पण त्यांचं लक्ष दुसरीकडेच होतं. "आपली डावी दाढ का? खालची? थंड लागलं की कळ येते?"

रुंद सदस्य चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?"

"ग्रहांवरून," भाऊ मागून घाईनं म्हणाले.

"जरा आ करा बघू," जावईबापू म्हणाले आणि रुंद सदस्यांनी केला. ते आकाश बघण्यात खगोलशास्त्र विभाग इतका रंगून गेला की दादांना खोकावं लागलं.

अध्यक्षबाई सगळं बघत होत्या. दार, पाटी, खोलीतल्या लग्नाच्या खुर्च्या. गणितात उत्तर आधी दिसतं, रीत नंतर मांडावी लागते. त्या अजून रीत शोधत होत्या.

"आता बसून बोलू या," त्या म्हणाल्या.

या क्षणासाठी दादांनी सभागृह नव्यानं सजवलं होतं. तिथे पूर्वी मिस्त्रींनी केलेलं लांब लाकडी टेबल होतं. ते बघून समितीला वाटेल आपण अजून सुतारच आहोत, म्हणून दादांनी ते ठकीच्या कार्यशाळेत धाडून दिलं आणि त्या जागी नवं आणलं. भलंमोठं, चकचकीत, वरून खालपर्यंत आरपार काचेचं, खाली बारीक चमकते पाय. कालच येऊन पडलं होतं. त्यावर अजून कुणी जेवलेलं नव्हतं, लिहिलेलंही नव्हतं.

समिती एका बाजूला बसली. विभागप्रमुख एकेक करून दुसऱ्या बाजूला आले; एकमेकांना 'नमस्कार' म्हणाले, 'कसं काय, सर' म्हणाले आणि कुलगुरू आधी बसावेत म्हणून खुर्च्यांमागे उभे राहिले. दादांचा ऊर भरून आला. सगळं छान चाललं होतं. सगळ्यात शेवटी ते स्वतः, कुलगुरूंच्या खुर्चीशी गेले, उजवा तळवा कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला.

काच किंचित कलली.

"हलतंय," कुलगुरू म्हणाले.

"कुठला पाय?" तत्त्वज्ञान, कायदा, व्यवस्थापन आणि खगोलशास्त्र एका आवाजात म्हणाले. दारातून लाकूडशास्त्रही म्हणालं. ठकीनं नंतर कबूल केलं की ते तिच्या तोंडून गेलं, ती बोलली नाही.

आणि पुढच्या क्षणी ठकी सोडून सगळे टेबलाखाली होते.

"डावीकडचा," भाऊ म्हणाले.

"कुणाची डावी?"

"माझी."

"तुझी डावी ती माझी उजवी. पाय सांग, बाजू नको."

"अरे देवा, हे जोडलंय कुणी?" आक्का पायाला चाचपत म्हणाल्या. "आडवी पट्टी नाही, पाचर नाही, नुसतं वरून खालपर्यंत डिंकावर उभं आहे. असल्याला टेबल म्हणतात?"

"आक्का, हळू. आपण एकमेकांना ओळखत नाही."

"मी तुला लाळेरं बांधायची, ओळखत नाही म्हणे!"

"आक्का, तुमचा गुडघा माझ्या हातावर आहे," जावईबापू म्हणाले. "याच हातानं मी दाढा काढतो."

"अहो," वहिनी दादांना म्हणाल्या, "दोन पायांत दोन रंगांचे मोजे घातलेत तुम्ही."

"आत्ता हे सांगायचं?"

"इथे आल्यावर दिसलं."

"कागद द्या कुणीतरी, घडी घालून," भाऊ म्हणाले. "जाड पाहिजे."

आक्कांनी कायदा विभागाचं माहितीपत्रक दिलं. भाऊंनी त्याची चौघडी केली आणि पायाखाली सरकवली. तळवा वर करून दाबून बघितलं. टेबल स्थिर झालं. कायदा विभागाचा तो पहिला आणि शेवटचा उपयोग.

"बसलं," ते म्हणाले आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एकदमच समाधान पसरलं. मग दादांनी मान वर केली.

वरून तीन चेहरे त्यांच्याकडे बघत होते. मत्स्यालयातल्या माशांकडे बघावं तसे, कुतूहलानं आणि विशेष राग न धरता. चष्मेवाल्यांच्या हातातली लेखणी टेबलावर टेकलेली होती आणि तिची निब खालून स्पष्ट दिसत होती.

"काच," दादा म्हणाले. 'हलतंय' सोडलं तर त्या दिवसातलं कुलगुरूंचं ते पहिलं सत्य विधान.

*

"वर या," अध्यक्षबाई म्हणाल्या. त्यांना रीत सापडली होती.

सगळे वर आले. केस नीट केले, गुडघे झटकले, नव्या आडनावांचा विचार करत बसले.

"तुमचं एकमेकांशी नातं काय?"

"सहकारी," दादा म्हणाले.

"अच्छा." अध्यक्षबाईंनी दाराकडे बघितलं. "लाकूडशास्त्राच्या प्रमुख तुम्हीच ना? या आत. तुम्ही सांगा. हे कोण?"

ठकी आत आली. बापाकडे बघितलं. दादांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे होतं ते तिनं पूर्वी एकदाच बघितलं होतं, मिस्त्री गेले त्या दिवशी. खोटं बोलणार नाही असं म्हणणं सकाळी सोपं होतं; सकाळी समोर बाबा होते, आता समोर कुलगुरू होते आणि ते फार केविलवाणे दिसत होते.

"हे..." ती म्हणाली.

"थांब." आक्का उठून उभ्या राहिल्या. सकाळपासून त्या भावाच्या बाजूनं होत्या. आवडत होतं म्हणून नव्हे. पाटी बापाच्या नावाची होती म्हणून. पण पोरीनं बापाविरुद्ध साक्ष द्यायची, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसत नव्हतं. "पोरीला कशाला विचारता? ती तुमच्यासमोर खरं बोलेल आणि मग आयुष्यभर रडेल. मला विचारा, मी थोरली आहे. हा माझा भाऊ. हा दुसरा, याला कुणी विचारत नाही. ही भावजय, हा आमचा जावई, आणि ही भाची. कायदा मला येत नाही. आकाश याला येत नाही. दात छान काढतो, तुमच्या साहेबांना दाखवून घ्या."

"घेतलंय," रुंद सदस्य गालावर हात ठेवून म्हणाले. "परवाची वेळ दिलीय."

"आक्का!" दादा म्हणाले.

"काय आक्का? घर म्हणून एकमेकांचे हात धरायचे की नाही? आपण धरले टेबलाचे पाय. आता उघडं पडलंच आहे तर नीट पडू दे."

अध्यक्षबाई दादांकडे वळल्या. "या विद्यापीठातून आजवर डॉक्टर किती झाले?"

"दोन."

"कोण?"

दादांनी भाऊंकडे बघितलं, भाऊंनी दादांकडे.

"मार्गदर्शक?"

दोघांनी पुन्हा एकमेकांकडे बघितलं.

"मार्गदर्शक व्हायला आधी स्वतः डॉक्टर असावं लागतं," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "मग तुमच्यातलं आधी कोण झालं?"

"हा," दोघे एकदम म्हणाले आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

चष्मेवाल्यांनी लिहिणं थांबवलं. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि हसू टिपून कसं घ्यायचं ते कळत नव्हतं.

अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत. "हे गमतीचं आहे खरं," त्या म्हणाल्या. "पण माझी अशी एक विद्यार्थिनी होती. तिची पदवी अशाच एका विद्यापीठाची निघाली. तिनं मनापासून अभ्यास केला होता, खोटं तिनं काहीच केलं नव्हतं. तिला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. तेव्हापासून मला या कामात फारशी गंमत वाटत नाही." त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून एक घोट घेतला. "अर्ज विद्यापीठाचा आहे. तो फेटाळायची शिफारस मी करणार. आणि अर्ज एकच असल्यामुळे तो सगळ्यासकट जाईल."

"लाकूडशास्त्रही?" ठकीनं विचारलं.

"तेही. तुमचा विभाग मी अजून बघितला नाही. चांगला असेलही. पण एकच मार्ग आहे. अर्जदारानं विद्यापीठाचा अर्ज स्वतःहून मागे घ्यायचा आणि एका विषयाची संस्था म्हणून तपासणी मागायची. मग आम्ही फक्त तेवढंच बघू. मात्र आज काय दिसलं ते अहवालात येईलच, त्या दोन डॉक्टरकींसकट. आणि मागे घ्यायचा अधिकार फक्त कुलगुरूंना. घेतल्यावर ते कुलगुरू राहणार नाहीत."

सगळ्यांनी दादांकडे बघितलं.

"दादा, घाई नको," भाऊ कुजबुजले. "अपील करू. अपिलाला वर्षं जातात. तोवर आपण डॉक्टर."

"आणि तोवर माझी मुलं?" ठकी म्हणाली.

"मुलं तरुण आहेत गं. आपलं वय झालं."

"भाऊ," वहिनी म्हणाल्या. समितीसमोर त्यांनी आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न. "तुमचा प्रबंध कशावर होता?"

भाऊंनी आठवून बघितलं. बराच वेळ. मग तेही खिडकीबाहेर बघू लागले.

*

"मला जरा ते टेबल बघू दे," दादा म्हणाले. "आपलं."

कुणाला वाटलं ते वेळ काढतायत. आक्कांनाही तेच वाटलं. पण दादा उठून व्हरांड्यातून चालू लागले, त्यांच्या मागून ठकी, मग समिती, मग राहिलेलं घराणं.

कार्यशाळेत लाकडाचा, सरसाचा आणि जळक्या पात्याचा वास होता. विद्यार्थी आपापल्या कामात होते. कुणी मान वर केली, कुणी नाही. एक मुलगी तंतुवाद्याच्या पोकळ पाठीला कान लावून बोटानं टिचकी मारत होती आणि नाखूष होऊन पुन्हा तासत होती. मधोमध मिस्त्रींचं टेबल. त्यावर रंगाचे डाग, रंध्याचे ओरखडे, पोरांच्या डब्यांचे गोल. सभागृहात असताना ते एवढं वापरलं गेलं नव्हतं.

दादा त्याच्याशी उभे राहिले. हे टेबल झालं तेव्हा ते लहान होते. चौथा पाय त्यांनी धरला होता आणि मिस्त्री म्हणाले होते, नुसता धर, शहाणपण करू नकोस. आयुष्यात ज्या कामाबद्दल त्यांना कधी प्रमाणपत्र मिळालं नाही आणि कधी शंकाही आली नाही, असं ते एकच.

त्यांनी कोपऱ्यावर तळवा ठेवला. दाबला.

काही झालं नाही. काहीच होणार नव्हतं.

"हे टेबल मी इथून हलवायला नको होतं," ते म्हणाले. मग लक्षात आलं, तसं: "म्हणजे, तिथून." त्यांनी घसा साफ केला. "बाई, मी अर्ज मागे घेतो. कुलगुरू म्हणून सांगतोय. शेवटचं."

भाऊंनी डोळे मिटले. वहिनींनी पदर सारखा केला. आक्का म्हणाल्या, "चला. आता घरी तुला दादाच म्हणायला मोकळे. डॉक्टरसाहेब म्हणताना जीभ अडखळायची." पण म्हणताना त्यांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला.

अध्यक्षबाईंनी नव्या अर्जावर सही घेतली. मग कार्यशाळेच्या दाराकडे हात केला. "आता नातेवाईकांनी बाहेर थांबायचं. सगळ्यांनी."

घराणं बाहेर थांबलं. आतून करवतीचा आवाज येई, मग प्रश्न, मग उत्तर, मग पुन्हा करवत. कुणाचं उत्तर लांबलं की दादा उभे राहत. वहिनींनी कुणालाही न विचारता सगळ्यांसाठी चहा आणला. आज कुणाला काही वाढायचं नाही, हा नियम रद्द झाला होता.

दुपार कलल्यावर दार उघडलं. ठकी बाहेर आली. केसांत भुसा, डोळे लाल.

"काय झालं?" दादांनी विचारलं. "नाही म्हणाले?"

"त्या चष्मेवाल्यांनी स्वतः रंधा मारून बघितला," ठकी म्हणाली. "बोटाला लागलं. मघाशी ह्यांना आत बोलावलं ते त्यांचं बोट बांधायला. आणि बाई म्हणाल्या..." तिच्यामागून अध्यक्षबाई आल्या.

"अभ्यासक्रम पक्का आहे," त्या म्हणाल्या. "मान्यतेची शिफारस करतेय. एक अट आहे. यापुढे कुणीही आपल्या नातेवाइकाला पदवी द्यायची नाही." निघण्यापूर्वी त्या पुन्हा आत जाऊन मिस्त्रींच्या टेबलाशी थांबल्या. कुणी बघत नाहीसं वाटून त्यांनी हळूच उजवा तळवा कोपऱ्यावर ठेवला, दाबला, मान हलवली आणि निघून गेल्या. वहिनींनी बघितलं. पण त्या कमी बोलतात.

*

शिफारस मंजूर झाली तेव्हा गोदीतली मुलं गोदीत गेली, वाद्यांच्या मुली वाद्यांत गेल्या. दोन डॉक्टरकी रद्द झाल्या. आधी कोणाची रद्द करायची यावर मान्यता मंडळात थोडा घोळ झाला, शेवटी दोन्ही एकाच शिक्क्यानं रद्द केल्या. काचेचं टेबल दवाखान्यात गेलं. तिथे ते बघून रुग्ण आधीच मोठा आ करतात.

फाटकावरची जुनी पाटी उतरवायचं काम दादांनी स्वतःकडे घेतलं. नवी पाटीही त्यांनीच केली, लाकडाची. अक्षरं कोरताना ठकी बाजूला उभी राहून बघत होती.

"हात चांगला आहे तुमचा," ती म्हणाली.

दादा लाजले. मग पटाशी खाली ठेवून म्हणाले, "तुझ्याकडे पहिल्या वर्षाला प्रवेश मिळेल का गं मला?"

"नातेवाइकांना नाही, बाबा."

"मग मी शिकू कुठे?"

"नुसतं येऊन बसा. पदवी मिळणार नाही."

"ती नकोच," दादा म्हणाले. "ती माझ्याकडे होती. काही उपयोग झाला नाही."

पाटी लावायला भाऊंनी शिडी आणली. आक्का खाली खुर्ची टाकून बसल्या आणि डावीकडे, उजवीकडे, खाली, नाही वर, असं सांगू लागल्या. जावईबापूंनी खिळे धरले. वहिनींनी रस्त्यावरून जाणाऱ्यांना जरा लांबून जायला सांगितलं. नवी पाटी छातीशी धरून दादा तिसऱ्या पायरीवर चढले आणि थबकले.

"हलतंय," ते म्हणाले.

आणि व्हरांड्यातून, खुर्चीवरून, रस्त्याकडेनं, कार्यशाळेच्या खिडकीतून, जिथे नाव घातलेली नवी मुलं अजून रंधा धरायलाही शिकली नव्हती तिथूनसुद्धा, एकच आवाज आला:

"कुठला पाय?"